उन्हातली सायकल : सवय पंधरा दिवसांची, घाई एका दिवसाची

सायकल चालवायला शिकवणारा लेख वाचायची वेळ आपल्यावर यावी का, असे तुम्ही म्हणाल. सायकल तर तुमच्या-आमच्या लहानपणापासूनची. आधी दांड्याखालून लंगडी, मग दांड्यावरून, मग सीटवर. ती कुणी शिकवली नाही आणि कुणी विसरलाही नाही. पण आपल्या वऱ्हाडात एप्रिल-मेच्या उन्हात सायकल चालवणे ही वेगळी गोष्ट आहे. ती शिकावी लागते. पायांनी नव्हे, अंगाने. हे मला माझ्याच अंगावर आल्यावर कळले, म्हणून लिहितो आहे.

आजही पहाटे दूध घालणारा, शिदोरी लावून शेतावर जाणारा सालगडी, शाळेत जाणाऱ्या मुली, यांचे वाहन सायकलच आहे. पेट्रोलचा खर्च झेपत नाही म्हणून आणि डॉक्टरांनी शुगरसाठी सांगितले म्हणूनही अलीकडे बरीच मंडळी सायकलवर आली. आषाढीच्या आधी जूनमध्ये पंढरपूरला सायकलवारी करणारी तरुण पोरेही आता खेड्यांतून निघतात. या सगळ्यांसाठी हा मजकूर आहे. ज्यांच्या घरी सालगडी आहे त्यांनी आणि गावकारभारी मंडळींनी तर तो शेवटपर्यंत वाचावा.

मी पडलो, काका चालत राहिले

२०२४ च्या मार्चमध्ये मी जवळजवळ महिनाभर प्रशिक्षणाला होतो. दिवसभर सभागृहात, डोक्यावर पंखे, रात्री कूलर. परत आलो तो एप्रिलचा तिसरा आठवडा. मोटारसायकल दुरुस्तीला टाकलेली. ९ किलोमीटरवरच्या गावात बियाण्याची उगवणक्षमता कशी तपासावी याचे प्रात्यक्षिक ठेवले होते. म्हटले, सायकलने जाऊ, नऊ किलोमीटर ते काय! प्रात्यक्षिक आटोपून साडेअकराला परत निघालो. उशीर झाला म्हणून जोरात पायडल मारत होतो. बाटलीतले पाणी तिकडेच संपले होते.

कॅनॉलच्या पुढच्या चढावर अंगावर काटा आला. भर उन्हात थंडी वाजल्यासारखे झाले. वाटले, वारा लागला असेल. मग मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, आणि सायकलसकट मी रस्त्याच्या कडेला. मागून एक सालगडी येत होते. वय साठीच्या घरात, कॅरिअरवर कडब्याचा भारा, चाल अशी संथ की पायी चालणारा बरोबरीने यावा. गावात त्यांना सगळे काकाच म्हणतात. त्यांनी मला ओढून निंबाखाली नेले, दुपट्टा ओला करून डोक्यावर ठेवला, छागलीतले पाणी घोट घोट पाजले. मी जरा शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "सायेब, उन्हात असं एकदम नाई निघत कोनी. आंगाले सवय होऊ द्या लागते. मी होळीपासून रोज येतो ह्या टायमाले."

ऊन तेच, रस्ता तोच. मी तिशीतला, ते साठीतले. त्यांच्या सायकलवर ओझे होते, माझी रिकामी होती. तरी पडलो मी. असे का झाले, ते समजून घेतले म्हणजे अर्धे काम झाले.

शरीराचा कूलर

आपण पायडल मारतो तेव्हा शरीर जेवढी शक्ती खर्च करते, तिचा जेमतेम पाव हिस्सा चाकाला मिळतो. उरलेल्या तीन हिश्श्यांची उष्णता होते आणि ती अंगातच राहते. ती बाहेर टाकली नाही तर अंग तापत जाते. वाऱ्याचे तापमान कातडीपेक्षा कमी असेल, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या खाली, तर नुसत्या वाऱ्यानेही अंग निवते. त्याच्या वर पारा गेला की वारा उलट उष्णता आणून देतो. मग हाती एकच उपाय उरतो, घाम.

घाम म्हणजे तुमच्या घरच्या कूलरसारखेच आहे. गवताच्या ताट्या ओल्या, मागून पंखा, पाणी वाळते आणि हवा थंड होते. अंगावर घाम येतो, वाऱ्याने वाळतो, कातडी थंड होते. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ठिबकून मातीत पडलेला घाम मात्र फुकट गेला. कूलरच्या टाकीत पाणी नसेल तर पंखा नुसती गरम हवा फेकतो. पाणी न पिता सायकल मारणाऱ्याचे तसेच होते. आणि कूलर कोकणात चालत नाही, कारण तिथली हवा आधीच ओली. आपल्याकडेही मृगाच्या तोंडावर ढग येऊन उकडायला लागले की कूलर काम करेनासा होतो. त्या दिवसांत पारा ३८ असला तरी घाम वाळत नाही, म्हणून ३८ ला हलके समजू नका. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानावरच्या मोठ्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा तिथला पारा आपल्याकडच्यासारखा ४४-४५ वर नव्हता.

सवय म्हणजे नेमके काय?

"सवय" हा शब्द आपण सहज वापरतो. पण ती मनाची तयारी नव्हे, शरीरात खरोखर बदल होतात. रोज थोडा वेळ उन्हात घाम निघेपर्यंत श्रम केले की पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्तातला पाण्याचा भाग वाढतो. त्यामुळे हृदयाला तेच काम कमी ठोक्यांत करता येते. मग घाम लवकर सुटू लागतो, म्हणजे अंग तापायच्या आधीच कूलर सुरू होतो. घामाचे प्रमाण वाढते आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. हे सगळे नीट बसायला ७ ते १४ दिवस लागतात.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. ही सवय बँकेतली ठेव नाही, ती मोडते. चार-आठ दिवस खंड पडला तर बरीचशी टिकते. तीन-चार आठवडे सावलीत काढले तर जवळजवळ सगळी जाते, मग माणूस जन्मभर उन्हात राबलेला का असेना. माझा महिना पंख्याखाली गेला होता. काकांचा एकही दिवस चुकला नव्हता.

पंधरा दिवसांचा आराखडा

उन्हात काम करणाऱ्या मजुरांसाठी जगभर एक नियम सांगतात. नवा माणूस असेल तर पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्श्याएवढेच उन्हातले काम, आणि पुढे रोज तेवढीच वाढ. सायकलसाठी मी तो आणखी सैल करून घेतला. पाय आधीपासून सायकलला सरावलेले आहेत, असे धरून तो असा :

पहिले ३ दिवस : सकाळी साडेआठच्या सुमारास २० मिनिटे. सपाट रस्ता, रिकामी सायकल.
४ ते ६ दिवस : नऊच्या सुमारास ३० मिनिटे.
७ ते ९ दिवस : नऊ ते पावणेदहा, ४५ मिनिटे.
१० ते १२ दिवस : साडेनऊ ते साडेदहा, तासभर. मध्ये एकदा सावलीत थांबावे.
१३ व १४ वा दिवस : साडेनऊ ते पावणेअकरा. आता थोडे ओझे किंवा थोडा चढ चालेल.

चाल किती ठेवावी? शेजारच्या सायकलवाल्याशी धाप न लागता बोलता आले पाहिजे. बोलणे तुटायला लागले की चाल जास्त झाली. घाम निघाला पाहिजे, पण जीव घाबरा व्हायला नको.

भर दुपारी १२ ते ४ मध्ये सराव करू नये. सवय व्हायला मरणाचे ऊन लागत नाही, सकाळचे तापलेले ऊन पुरते. हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल त्या दिवशी सराव बंद. मैदानी भागात पारा निदान ४० ला पोचून नेहमीपेक्षा साडेचार अंशांहून वर गेला, किंवा थेट ४५ झाला, की खाते लाट जाहीर करते. ताप, हगवण, उलट्या, रात्रीची झोप न झालेली, आदल्या रात्री दारू घेतलेली, अशा दिवशीही सायकलला हात लावू नका. मधुमेह, हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी काहींना असते, तिने शरीरातले पाणी कमी होते. पण कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

सवय लागते आहे की नाही, हे घरच्या घरी कळते. रोज त्याच खुणेपाशी, समजा मारुतीच्या पारापाशी, थांबून मनगटाची नाडी १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. तेवढाच रस्ता, तेवढीच चाल, आणि आठ-दहा दिवसांत ठोके कमी झाले, तर समजा की अंग तयार होते आहे.

पाणी : तहानेच्या आधी, पण मापात

निघण्यापूर्वी दोन पेले पाणी प्यावे. वाटेत दर १५-२० मिनिटांनी एक पेला. एकदम तांब्याभर ओतू नये. आणि पाणीच पाणी हाही शहाणपणा नाही. तासाला दीड लिटरच्या वर पाणी पोटात गेले आणि मीठ नसले, तर रक्तातले मीठ पातळ होऊन डोके दुखणे, उलट्या, बेशुद्धीपर्यंत पाळी येते.

अंगातून किती पाणी जाते, हे बघायचे असेल तर कृषी सेवा केंद्रातल्या किंवा रेशन दुकानातल्या वजनकाट्यावर निघताना आणि आल्यावर उभे राहा. एक किलो उतरले म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले. ६० किलोच्या माणसाचे वजन फेरीत सव्वा किलोच्या आसपास किंवा जास्त उतरले तर पाणी कमी पडले. काटा नसेल तर लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा असेल तर ठीक, मोहरीच्या तेलासारखा गडद असेल तर पाणी वाढवा.

तासाभराच्या फेरीला साधे पाणी आणि घरचे जेवण पुरते. भाकरी, लोणचे, ठेचा, मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे यांतून मीठ मिळतेच. मिठाच्या गोळ्या नकोत. जास्त वेळ घाम गाळायचा असेल तर जलसंजीवनीचे पाकीट सोबत ठेवा. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजाने मूठभर मीठ टाकू नका. चहा प्यायलात तरी तो पाण्याच्या हिशोबात धरू नका.

खिशात कांदा ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, त्याने नुकसान नाही. पण कांदा अंग थंड करत नाही. कांदा आहे म्हणून पाणी विसरलात तर नुकसान आहे.

कपडे आणि सायकल

उघड्या अंगाने सायकल मारणे चूक. ऊन आणि गरम वारा दोन्ही थेट कातडीवर येतात. ढगळ, सुती, फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. डोक्याला आणि कानांना ओला दुपट्टा बांधावा आणि वाळला की पुन्हा भिजवावा. थांबलात की वारा थांबतो आणि घामाच्या धारा लागतात, म्हणून थांबायचे ते सावलीतच.

सायकलही बघा. चाकात हवा कमी असेल तर तेवढ्याच रस्त्याला जास्त जोर लागतो, म्हणजे जास्त उष्णता. चेनला तेल, चाकात पुरेशी हवा, आणि सीट इतकी वर की पायडल खाली गेल्यावर गुडघा जवळजवळ सरळ व्हावा. सायकल दिवसभर उन्हात उभी करू नका, ट्यूबचे ठिगळ सुटते आणि भर उन्हात पायी ढकलत यावे लागते.

काकाही पडले

आता मालक मंडळींसाठी. ज्या काकांनी मला उचलले, तेच २०२५ मध्ये पडले. मार्चमध्ये त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी सांगितले म्हणून महिनाभर घरात, सावलीत. डोळा छान झाला. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ते कामावर रुजू झाले, आणि पहिल्याच दिवशी सात किलोमीटर सायकल, दिवसभर धुऱ्यावरची काटेरी झुडपे तोडणे आणि परत सात किलोमीटर. मालक वाईट माणूस नाही. त्यांना वाटले, "याचा जन्म उन्हात गेला, याला काय होते?" काकांनाही तसेच वाटले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पांदणीत सायकलजवळ बसलेले सापडले. भलतेच बोलत होते, स्वतःच्या मुलाला ओळखेनात. नशीब बलवत्तर, विहिरीवर मोटार चालू होती. पोरांनी पाइपाखालीच बसवले. मग दवाखाना. दोन दिवसांनी घरी आले, पण पुढचा पंधरवडा कामाचा राहिला नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "सायेब, तुमाले सांगलं अन् मीच इसरलो." मला बोलता आले नाही. कारण ते रुजू होणार हे मला माहीत होते. मालकाच्या घरी मी त्याच आठवड्यात चहा प्यायलो होतो, माती परीक्षणावर तासभर बोललो होतो, आणि ही एक गोष्ट सांगायची राहून गेली.

म्हणून आता सांगतो. महिनाभर आजारी, बाहेरगावी किंवा सावलीत राहिलेला जुना, सरावलेला माणूस कामावर आला की त्याला पहिल्या दिवशी उन्हातले निम्मे काम, दुसऱ्या दिवशी दहातले सहा हिस्से, तिसऱ्या दिवशी आठ आणि चौथ्या दिवसापासून पूर्ण. नव्या माणसाला मात्र वर सांगितल्याप्रमाणे पाचव्या हिश्श्यापासून. आपल्याकडे सालगड्याचे साल पाडव्याला बदलते, म्हणजे नेमके ऊन तापायला लागते तेव्हा. पहिल्या आठवड्यात सकाळी लवकर बोलवा, अकराला सोडा. साल बारा महिन्यांचे आहे, आठ दिवसांनी काही बिघडत नाही.

धोक्याच्या खुणा आणि पहिला अर्धा तास

अंगावर काटा येणे, डोके ठणकणे, मळमळ, पायात गोळे येणे, घेरी. यांतले काहीही झाले की उतरा, सावली गाठा, पाणी प्या. त्या दिवशी पुन्हा सायकल नाही.

भलतेच बोलणे, झोकांड्या, ओळख न पटणे, झटके, बेशुद्धी, हा उष्माघात. शरीराचा पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेला असतो. घाम येतो आहे म्हणजे उष्माघात नाही, असे समजू नका. श्रम करून आलेल्या उष्माघातात घाम असू शकतो. अशा वेळी :

एकाने १०८ ला फोन लावावा आणि दुसऱ्याने लगेच अंग थंड करायला सुरुवात करावी. गाडी येईपर्यंत वाट बघू नये.
सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि जोराने वारा घाला. मोटारीचे पाणी, हौद, हापसा, जे जवळ असेल ते. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत ठेवा.
शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनळीत जाते.
तापाची गोळी देऊ नका. हा ताप तसला नाही, गोळीने उतरत नाही.
त्या दिवशी फवारणी केली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. विषबाधेतही घाम, मळमळ, घेरी येते, आणि उपचार वेगळे असतात.

गावकारभाऱ्यांनी एवढे करावे

सरपंच, सदस्य, पोलीस पाटील यांना विनंती आहे. शिवाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाणपोई गावात वेशीजवळ नको, अर्ध्या वाटेवर हवी. तहान तिथे लागते. रोजगार हमीची कामे आणि ग्रामसभा भर दुपारी ठेवू नयेत. आशाताईंकडे जलसंजीवनीची पाकिटे आहेत ना, हे मार्चमध्येच बघावे. रस्त्याकडेचा निंब तोडायचा ठराव आला तर त्याच्या सावलीत रोज कोण थांबते, हेही विचारात घ्यावे.

शिक्षक मंडळींनाही एक सांगणे. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर कितीतरी मुली शेजारच्या गावातून शाळेला येतात. विदर्भातल्या शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात. सुटी घरात काढलेली असते आणि बाहेर पावसाआधीचा उकाडा. पहिल्या आठवड्यात कवायत, धावणे नको. आल्या-आल्या पाणी पिऊ द्या.

काका सध्या कामावर आहेत, सायकलही तीच आहे. आमची भेट अजून त्याच निंबाखाली होते. थंडी सरून होळी आली की आम्ही दोघेही पहिल्या दिवसापासून सुरुवात करतो, वीस मिनिटांपासून. तुम्हीही तसेच करा. आणि तुमच्याकडे कुणी महिनाभराने कामावर येणार असेल, तर तो सायकलवर बसायच्या आधी त्याला हे सांगा. माझे सांगायचे राहून गेले होते, तुमचे राहू देऊ नका.